चित्राखालचं नाव

मुलांनो, सेमाडोह कुठे आहे हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सुरूच व्हायची नाही. अमरावतीहून एस.टी. धरायची, परतवाड्याला उतरायचं. मोठ्यांनी चहा घ्यावा, लहानांनी संत्री खावीत, तिकडे ती मुबलक. मग धारणीकडे जाणारी गाडी धरायची. घाट लागला की कानांत दडे बसतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावं, हा माझा अनुभवाचा सल्ला. घाट संपून दाट साग सुरू झाला आणि सिपना नदी दिसली की आलं सेमाडोह. सिपना हा कोरकू भाषेतला शब्द, त्याचा अर्थच साग. सगळा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा. १९७४ पासून इथे वाघांची राखण चालते. वाघाला कोरकूत म्हणतात कुला. माझ्या वर्गातली मुलं 'व' वाघाचा म्हणताना हळूच 'कुला' म्हणतात आणि हसतात. मीही हसतो.

मी इथे प्राथमिक शाळेत शिकवतो. डी.एड. झालो आणि २०११ साली मेळघाटात आलो तो इथलाच झालो. आधी दुसऱ्या एका गावातल्या शाळेवर होतो, मग इकडे बदली झाली.

तर २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. संध्याकाळी मी एस.टी.च्या थांब्याजवळ उभा होतो. थंडी पडायला लागली होती. एक उंच पोरगा समोर येऊन उभा राहिला. काखेत कागदाची सुरळी, पायांत चिखलाने माखलेले बूट.

"गुर्जी, वळखलं का मले?"

आवाजावरून नाही, पण डोळ्यांवरून ओळखलं. पहिल्या शाळेतला माझा विद्यार्थी! पाचवीत असताना बाकाखाली लपवून खडूने जमिनीवर रानगवे काढायचा. एकदा फळ्यावर मी वजाबाकी लिहून वळलो, तर परत बघतो तो वजाबाकीच्या चिन्हाला चार पाय आणि शेपूट! आता एकवीस वर्षांचा झाला होता. बारावी करून कधी शेतावर, कधी रस्त्याच्या कामावर जात होता.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. का नाही, ते पुढे कळेल.

आम्ही चहा घेतला. तो म्हणाला, "एक काम आलं हाय जी. परतवाड्याच्या वाटंवर एक राहायची जागा हाय, पाहुण्याईसाठी. तिथले सेठ भिंत रंगवून मांगतात. चोवीस फूट लांब, सात फूट उंच. रंगासकट पाच हजार देतो म्हणे. घेऊ का? अन् नाही घेतलं तर किती मांगू?"

तुम्हांला वाटेल, गुरुजी आहेत, दिलं असेल चटकन उत्तर. मला उत्तर येत नव्हतं. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो. आपल्या कामाची किंमत आपण सांगायची, ही पाळी माझ्यावर कधी आलीच नाही. आणि दुसरं एक कारण होतं. त्याने भिंत म्हटल्याबरोबर मला दुसरीच एक भिंत आठवली आणि चहा घशाखाली उतरेना.

ती भिंत त्या पहिल्या शाळेची. २०१४ साल. तेव्हा सगळ्या शाळांतून भिंती बोलक्या करायची हौस होती. म्हणजे भिंतींवर पाढे, बाराखडी, प्राणी, पक्षी रंगवायचे. मुलं येता-जाता वाचतील. मी परतवाड्याहून रंग आणले. अक्षरं माझी, चांगली वळणदार आहेत, शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्यात. पण चित्रं? मोर, हत्ती, अस्वल, रानगवा, मोहाचं झाड आणि झाडाखाली फुलं वेचणारी म्हातारी, ही सगळी चित्रं त्या पोराने काढली. अकरा वर्षांचा होता. शाळा सुटल्यावर दोन-दोन तास स्टुलावर उभा राहायचा. मी खालून डबा धरायचो.

मग तपासणीला साहेब आले. भिंती बघून खूश झाले. म्हणाले, "वा गुरुजी!" मी मान तुकवली. पेपरात फोटो आला. फोटोत मी, मागे मोर, आणि खाली ओळ: शिक्षकाने स्वतःच्या हाताने शाळेच्या भिंती बोलक्या केल्या. मी ती दुरुस्त करायला कुणालाही फोन केला नाही. उलट पेपरच्या चार प्रती आणल्या, एक घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्या पोराने पेपर नीट बघितला. बोटाने ओळ वाचली आणि विचारलं, "गुर्जी, याच्यात माहं नाव कोठी हाय?"

मी म्हणालो, "अरे, तू लहान आहेस अजून. मोठा हो, मग येईल."

त्याच्या आईने ते कात्रण घरात भिंतीला चिकटवलं होतं बरं का! पोराच्या हातचा मोर पेपरात आला म्हणून. मोरापुढे मी उभा होतो, तरीही.

चहाच्या टपरीवर हे मी त्याला बोललो नाही. एवढंच म्हणालो, "उद्या सकाळी घरी ये. हिशेब करू."

रात्री मला झोप लागेना. मला जिव्या सोमा म्हशे आठवले. तुम्ही वारली चित्रं बघितली असतील, वहीच्या पुठ्ठ्यावर, पिशवीवर, कपावर. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की झाला माणूस. ती चित्रं आज जगभर माहीत आहेत, त्यात सगळ्यांत मोठा वाटा या माणसाचा. मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत आलो आहे आणि दर वर्षी वर्गात त्यांची गोष्ट सांगतो. पण इतकी वर्षं मी ती अर्धीच सांगत होतो, हे त्या रात्री लक्षात आलं.

पहिली अर्धी अशी. जिव्याबाबांचा जन्म १९३४ सालचा, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या तलासरी भागातला. सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्याने पोराने बोलणंच सोडलं. काही हवं-नको असलं की धुळीत बोटाने चित्र काढून दाखवायचा. पुढे ते डहाणू तालुक्यात कळंबीपाड्याला राहायला गेले. वारल्यांमध्ये चित्रं काढायचा मान बायकांचा. लग्न ठरलं की सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात. हो, लिहितात! वारली लोक चित्र 'काढलं' नाही, चौक 'लिहिला' म्हणतात. कुंचला म्हणजे बांबूची बारीक काडी, टोक चावून मऊ केलेलं. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. पुढच्या सारवणात ते पुसलं जाई. या माणसाला मात्र लग्नाची वाट बघवेना. तो रोज काढू लागला. पुरुष असून! लग्न नसताना!

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या भागात आले. त्याआधी बिहारमधल्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना चित्रांसाठी कागद देऊन आले होते तेच हे. त्यांनी वारल्यांनाही कागद आणि रंग दिले, आणि त्यांतून जिव्याबाबांचा हात त्यांना दिसला. १९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीमध्ये जिव्याबाबांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. २००९ साली नेदरलँड्‌सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले, तोवर काढत होते. त्यांचे मुलगेही चित्रं काढतात.

एवढी गोष्ट सांगून मी थांबायचो. मुलं टाळ्या वाजवायची, मी म्हणायचो, बघा, चित्रं काढली तर कुठवर जाता येतं!

आता दुसरी अर्धी. भिंतीवरचा चौक कुणी लिहिला, हे पाड्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, नावाची गरज नसते. पण कागद पाड्याबाहेर जातो. मुंबईला, पॅरिसला गेलेल्या कागदाबरोबर चित्र काढणारा काही जात नाही. जातं ते नाव. "वारली चित्र" एवढंच लिहिलं असतं तर कळंबीपाड्याचा तो माणूस कुणाला माहीत झाला असता? आणि कागद विकला जातो, म्हणजे किंमत आली. किंमत आली म्हणजे रोजचं काम आलं, हिशेब आला, वेळेत पुरं करणं आलं. टाळ्या वाजवणारी मुलं मोठी झाल्यावर नेमकं हेच विचारायला येतात, आणि ते मी कधी शिकवलं नव्हतं.

सकाळी तो आला. बायकोने भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. आम्ही अंगणात चटई टाकून बसलो. मी वही काढली.

"भिंतीला दिवस किती लागतील?"

"चौदा."

"घराला रंग देणारा पेंटर रोजाला किती घेतो?"

"सहाशे."

मुलांनो, तुम्हीही हे गणित करा. चौदा दिवस, रोज ६०० रुपये. झाले ८,४००. भिंतीचं अस्तर, रंग, ब्रश, सगळं मिळून ३,८००. चौदा दिवसांचं जाणं-येणं आणि जेवण १,१००. बेरीज १३,३००. आता सेठच्या पाच हजारांतून नुसते रंगाचे ३,८०० वजा करा. राहिले १,२००. भागिले चौदा. दिवसाला ८६ रुपयेसुद्धा येत नाहीत! हे गणित मी पुढे चौथीच्या वर्गात घातलं. एक मुलगी उत्तर काढून म्हणाली, "गुर्जी, यापेक्षा मोहफूल येचलेलं बरं."

पण वहीकडे बघत तो म्हणाला, "हे तं हाताचे झाले जी. मनाचे किती?"

"म्हणजे?"

"घराला पांढरा रंग मारला तं मन लागत नाही. इथं काय काढायचं, कोठी काढायचं, ते मी रातभर पाहून ठेवतो. त्याचे नाही का?"

बघा, हे मला सुचलं नव्हतं! त्याचे आम्ही ३,००० लावले. १६,३००. आकडा लिहून दोघेही जरा घाबरलो. मी म्हणालो, "निम्मे आधी घे, निम्मे काम झाल्यावर. कागदावर लिहून घे." हे शहाणपण माझं नाही. डी.एड.ला असताना मी सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवायचो. एकाने पाटी लावली आणि पैसे दिलेच नाहीत. आजही ती पाटी तिथेच आहे, त्या रस्त्याने गेलो की मान वळवून वाचतो. अक्षर सुरेख आलं आहे.

मग काय काढायचं हा प्रश्न निघाला. सेठने सांगितलं होतं, "ते वारली काढ, पाहुण्यांना आवडतं." पोराच्या सुरळीत सगळी वारलीचीच नक्कल होती, तारपा नाच आणि बैलगाड्या. हात सफाईदार, पण मेळघाटात तारपा कुठून आला?

"तू कोरकू ना?" मी म्हटलं. "वारल्यांचं वारल्यांना राहू दे. तुमच्याकडे लाकडावर कोरतात ना, घोडेस्वार, सूर्य-चंद्र, ते का नाही काढत?" माझ्या मनात कोरकूंचे मुंडे होते. मेलेल्या माणसाची आठवण म्हणून सागाच्या लाकडावर कोरून उभे करतात ते.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच पाचवीत आहे आणि माझी वजाबाकी चुकली आहे. "ते मेलेल्या माणसाचं हाय गुर्जी. लोकं जेवतील, हात धुतील, तिथं माह्या आज्याचा मुंडा कसा काढू?"

मी गप्प बसलो. काय विकायचं हे मी त्याला शिकवायला निघालो होतो. काय विकायचं नाही, हे तो आपलं आपण शिकून आला होता. अशा वेळी गुरुजींनी ठेचा खावा.

शेवटी त्याने त्याचंच ठरवलं. डावीकडून उजवीकडे सिपना नदी वाहणार. काठाला साग. एका टोकाला पहाटे मोहफुलं वेचणारी आजी, मधे रानगव्यांचा कळप, दुसऱ्या टोकाला दिवाळीनंतरच्या बाजारातला थाट्यांचा नाच, बासरी आणि घुंगरू. कुला कुठे आहे, मी विचारलं. म्हणाला, "हाय ना. सागाच्या मांगं. ज्याले दिसन त्याले दिसन."

आता इथे मी आईबाबांशी चार शब्द बोलतो. मुलांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. (म्हणजे तुम्ही तो आधी वाचणार, मला माहीत आहे.) चित्रं काढून पोट भरतं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्या वडिलांनीही तोच विचारला होता. कपाशी दोन वर्षं लागोपाठ बुडाली होती. इंटरमीजिएटचं प्रमाणपत्र हातात घेऊन मी चित्रकलेच्या कॉलेजला जातो म्हणालो. ते म्हणाले, "बाबू, आधी डी.एड. कर, मग काय काढायचं ते काढ." मी त्यांना दोष देत नाही. नोकरीने घर उभं राहिलं. पण चित्रकार म्हणजे एक तर उपाशी, नाही तर पॅरिसला, असं मात्र नसतं. महादेव विश्वनाथ धुरंधर हे केवढे नावाजलेले चित्रकार! १८६७ साली कोल्हापूरला जन्मले. मुंबईच्या जे.जे. स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि तिथेच शिक्षक झाले. त्या दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. म्हणजे नोकरी चालूच होती. शिवाय पुस्तकांतली चित्रं, पोस्टकार्डं, जाहिराती, जे काम येईल ते त्यांनी केलं, आणि जाहिरातीचं काम हलकं म्हणून टाकाऊ केलं नाही. आजही बहुतेक चित्रकारांचं असंच चालतं. थोडं शिकवणं, थोडी पुस्तकांची कामं, थोड्या भिंती, आणि उरलेल्या वेळात स्वतःचं. ज्यांना रीतसर शिकायचं आहे त्यांना कलाशिक्षकाची पदविका आहे. बारावीनंतर चार वर्षांची बी.एफ.ए. पदवी आहे, तिला राज्याची प्रवेश परीक्षा असते. आमच्या विदर्भात नागपूरला सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे. आणि एलिमेंटरी, इंटरमीजिएट द्यायला हरकत कसली? इंटरमीजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, हे ऐकून तरी द्या! चित्राचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शिक्षकांबद्दल मी बोलत नाही. मीही दिलेला आहे.

पुन्हा गोष्टीकडे. सेठकडे तो एकटाच गेला. मी येतो म्हणालो, तर "तुमी नका येऊ जी, सेठ तुमच्याशीच बोलन" म्हणाला. हेही खरंच होतं. संध्याकाळी आला तो निम्मा हसत, निम्मा रडकुंडीला. सेठने १६,३०० ऐकून हात जोडले, मग पाणी दिलं, मग घासाघीस केली. १४,००० ला ठरलं. सात आधी, सात नंतर. (रंगाचे ३,८०० आणि जाण्या-येण्या-जेवणाचे १,१०० वजा करा, चौदाने भागा. दिवसाला ६५०. पेंटरपेक्षा पन्नास जास्त. मनाचे पन्नास!)

"आणि नावाचं?" मी विचारलं. खालच्या कोपऱ्यात नाव आणि साल घालायचं, हे मी त्याला तीनदा बजावलं होतं. त्यावरून भांडण होणार अशी माझी खात्री. हजार रुपये कमी घे पण नाव सोडू नकोस, असंही सांगून ठेवलं होतं.

"ते तं लगेच झालं. सेठ म्हणाले, लिही ना, तुहंच हाय तं तुहंच नाव लिही."

झालं. एवढंच. नावाला काही पडत नव्हतं. सेठने एका वाक्यात दिलं. मी मात्र दहा वर्षांपूर्वी दिलं नव्हतं, आणि माझ्या हातात तर ब्रशही होता.

कागदाचंही सांगतो, कारण ते मलाही नवीन होतं. माझा एक मित्र वकील आहे, त्याला फोन केला. फोन लागायला आमच्याकडे वेळ लागतो, पण लागला. त्याने समजावलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दोन गोष्टी आहेत. कुणी पैसे देऊन आपल्याकडून चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरवलं नाही, तर त्या चित्राची नक्कल छापण्याचा हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणजे उद्या सेठने त्या भिंतीचं कॅलेंडर काढलं तर पोराला बोलता येणार नाही. म्हणून ते आधीच ठरवून लिहायचं. पण चित्र विकलं, हक्क दिला, तरी "हे मी काढलं आहे" असं म्हणण्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. आम्ही साध्या कागदावर मराठीत पाच ओळी लिहिल्या. कॅलेंडर काढायचं तर विचारून, ही त्यातली चौथी. सेठने सही केली. तारीख चुकीची टाकली, पण सही केली.

चौदा नाही, एकोणीस दिवस लागले. रानगव्यांचे पाय त्याच्या मनासारखे येईनात, दोनदा पुसले. म्हणजे पेंटरपेक्षा पन्नास जास्त वगैरे सगळं वाहून गेलं. वरच्या पाच दिवसांची भाकरी धरली नाही तरी दिवसाला ४७९ रुपयेही पडले नाहीत. शेवटचे दोन हजार होळीनंतर मिळाले. होळीला आमच्याकडे पाच दिवस सगळं बंद असतं, फगवा मागतात. तेव्हा पैसे मागायला गेला तर सेठनेच त्याच्याकडे फगवा मागितला म्हणे! चार चकरा झाल्या. पण मिळाले.

मी भिंत बघायला गेलो. नदी छान वाहते आहे. कुला मला दिसला, पण दहा मिनिटं लागली. कोपऱ्यात, मोहाच्या मुळाशी, छोट्या अक्षरांत त्याचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि साल. कधी तुम्ही त्या रस्त्याने आलात तर वाचा. म्हणून मी ते इथे लिहिलं नाही.

आता त्याच्याकडे एक लांब वही आहे. रकाने मी आखून दिले: तारीख, चित्राचं नाव, लांबी-रुंदी, कशावर काढलं, कोणाला दिलं, किती रुपये, किती दिवस. शेवटचा रकाना त्याने स्वतः वाढवला: 'काय चुकलं'. पहिल्या ओळीत लिहिलं आहे, 'गव्याचे पाय. दिवस कमी सांगितले.' प्रत्येक चित्र द्यायच्या आधी सकाळच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. आतापर्यंत सात ओळी भरल्या आहेत. दोन भिंती, एक लग्नाची पत्रिका, बाकी कागदावरची चित्रं. अजून तो रस्त्याच्या कामावरही जातो. सात ओळींवर घर चालत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याला म्हणालो, "चल, त्या शाळेत जाऊन येऊ." तिथल्या मुख्याध्यापकांना आधी विचारलं होतं. शाळेला पुन्हा रंग दिला होता, पण व्हरांड्याची भिंत तशीच ठेवली होती. मोराचा निळा उडून राखाडी झाला होता. अस्वलाच्या पोटावर कुणीतरी पाढा लिहिला होता. मी पिशवीतून काळ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश काढला आणि सगळं बोलून टाकलं. पेपरचं, फोनचं, चार प्रतींचं. लांबलचक बोललो. तो भिंतीकडेच बघत होता.

मग म्हणाला, "गुर्जी, हा हत्ती लय वाकडा हाय. याच्याखाली माहं नाव नका टाकू."

"मग?"

"म्हातारीखाली टाकतो. तिचा हात बरा आला हाय."

तो उकिडवा बसला, ब्रश बुडवला आणि थांबला. "साल कोणतं लिहू जी? तवाचं का आताचं?"

"तेव्हाचं," मी म्हणालो. "२०१४."

मी डबी धरून उभा राहिलो.